खणाचे बटवे, मोगऱ्याचे साबण : नोंद चौथी

लग्नाच्या पाहुण्यांना द्यायला खणाच्या बटव्यातले मोगऱ्याचे साबण घरी करतोय. आषाढात बंद करून ठेवलेले नमुन्याचे १२ बटवे आठव्या दिवशी उघडले. त्यातल्या ९ साबणांवर लालसर डाग होते. साबणाला घाम फुटला, तो खणात मुरला, खणाचा रंग सुटला आणि उलटा साबणावर चढला. पांढऱ्या शिया बेसवर (शिया बटर घातलेल्या तयार साबणावर) हा डाग इतका उठून दिसतो की तसा नग पाहुण्यांच्या हातात देताच येणार नाही. लग्न मार्गशीर्षात आहे, त्यामुळे १५० नगांसाठी वेळ हाताशी आहे. पण घाम आटोक्यात येईपर्यंत पुढचा घाणा ओतायचा नाही असं ठरवलं आणि गेले तीन आठवडे या एकाच गोष्टीवर गेले.

कारण सगळ्यांना माहीत आहे. मेल्ट-अँड-पोर, म्हणजे नुसता वितळवून साच्यात ओतायच्या बेसमध्ये ग्लिसरीन भरपूर असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये हाच साबण उघडा ठेवला तरी कोरडा राहतो. श्रावणात घरातला आर्द्रतामापक ८० च्या खाली उतरत नाही, तेव्हा सहा तासांत थेंब दिसायला लागतात. ६० ग्रॅमची उघडी वडी ०.१ ग्रॅमच्या काट्यावर रोज तोलली, तर तिसऱ्या दिवशी ६१.२ भरली. ते जास्तीचं वजन म्हणजे निव्वळ हवेतलं पाणी.

मागच्या नोंदीत साचे लवकर सुटावेत म्हणून फ्रिजचा उपाय लिहिला होता. तो मागे घ्यावा लागतोय. गार वडी दमट हवेत आली की गार तांब्यासारखी बाहेरून ओली होते, आणि ग्लिसरीन ते पाणी धरून ठेवतं. फ्रिजमधल्या वड्यांना तासाभरात थेंब आले. पंख्याखाली टेबलावर निवणाऱ्या वड्या अडीच तासांत सुटतात, तेवढा धीर धरलेला बरा. वरून मध किंवा जास्तीचं ग्लिसरीन घालत असाल तर पावसाळ्यात ते पूर्ण बंद करा.

मग गुंडाळणीच्या चाचण्या केल्या, प्रत्येक प्रकारच्या पाच वड्या. बटर पेपर दोन दिवसांत ओला होऊन चिकटला. क्लिंग फिल्मचं यश वेळेवर अवलंबून आहे. वडी कोमट असताना गुंडाळली तर आत वाफ धरते. रात्रभर उघडी राहिलेली वडी सकाळी गुंडाळली तर रात्री ओढलेलं पाणी आतच राहतं आणि दुसऱ्या दिवशी फिल्मखाली थेंब दिसतात. पूर्ण निवल्यावर, साच्यातून काढल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, ताणून गुंडाळलेल्या पाचही वड्या दहा दिवस कोरड्या राहिल्या. पण फिल्मची टोकं खालच्या बाजूला गोळा होतात, ती सफाईदार दिसत नाहीत, आणि एका वडीला चार मिनिटं लागतात. १५० वड्यांचे दहा तास झाले.

म्हणून श्रिंक पिशव्या, म्हणजे गरम केल्यावर आवळणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या. हीट गनने एक पिशवी ४० सेकंदांत बसते. गन आठ-दहा इंचांवर धरून सतत फिरवत ठेवायची. एका जागी थांबली तर वडीच्या कडा वितळून गोल होतात, कारण हा बेस थोड्याच उष्णतेत पातळ व्हायला लागतो. केसांच्या ड्रायरने फिल्म पुरती आवळत नाही, सुरकुत्या राहतात. पहिल्या पाच वड्या काचेसारख्या चकचकीत दिसल्या आणि प्रश्न सुटला असं वाटलं. चौथ्या दिवशी त्यावरही घाम.

या घामाने मात्र उत्तर हातात दिलं. थेंब वडीभर पसरलेले नव्हते. पाचही वड्यांवर एकाच ठिकाणी, ओळीने तीन थेंब. पिशवी उजेडासमोर धरली तेव्हा टाचणीच्या टोकाएवढी तीन भोकं दिसली. आवळताना आतली हवा बाहेर जावी म्हणून कारखान्यातच ती पाडलेली असतात. हवा बाहेर जाते तिथूनच ओल आत येते. बिनभोकाच्या पिशव्याही मिळतात, पण त्या गरम केल्यावर फुग्यासारख्या फुगतात आणि फिल्म वडीला चिकटत नाही.

तोडगा साधा निघाला. पिशवी अशी चढवायची की भोकांची ओळ वडीच्या मागच्या सपाट बाजूवर येईल. आवळून झालं की दोन मिनिटं निवू द्यायचं आणि वधूवरांच्या नावाचा दोन इंची गोल स्टिकर बरोब्बर त्या भोकांवर लावायचा. तो कागदी चालत नाही. कागद ओल पितो, पारदर्शक होतो आणि तिसऱ्या दिवशी कडेने सुटतो. व्हिनाइलचा लागतो. नगामागे तीन रुपये पडतात, म्हणजे कागदीपेक्षा दीड रुपया जास्त, पण लेबल आणि बूच ही दोन्ही कामं तो एकटा करतो. अशा २० वड्या १४ दिवस उघड्या कपाटात ठेवल्या. १९ कोरड्या निघाल्या. विसाव्या वडीच्या स्टिकरखाली सुरकुती आली होती, तिथे एक थेंब. हा निकाल पाहून फार समाधान वाटलं.

बटव्यात सिलिका जेलची पुडी टाकण्याचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. कापडी बटव्यात तिचा काही उपयोग नाही. ती खोलीतल्या हवेतली ओल ओढून एक-दोन दिवसांत भरून जाते आणि मग नुसती जागा अडवते. घट्ट झाकणाच्या डब्यात तयार वड्या साठवताना मात्र जरूर टाका.

आता खणाचा रंग. साबण बंदिस्त झाला तरी कच्च्या रंगाचा खण नकोच, पाहुण्यांचे हात ओले असू शकतात. दुकानातच ओला पांढरा रुमाल कापडावर वीस वेळा दाबून घासायचा. घेतलेल्या चार नमुन्यांपैकी गर्द लाल आणि जांभळा यांनी रंग सोडला, मोरपंखी आणि मोहरी पिवळा पक्के निघाले. लालच हवा असा आग्रह असेल तर दुसऱ्या ताग्यातला खण बघा. मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून कच्चा रंग पक्का होतो यावर विसंबू नका. तो लाल खण रात्रभर भिजवूनही पुढच्या पाण्यात तेवढाच उतरला.

बटव्याचं माप पक्कं झालं : तयार ४ बाय ५ इंच, अखंड तुकडा, तळाला घडी. कापताना ५ बाय साडेबारा : दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिलाई आणि वर दोन्ही टोकांना सव्वा इंच नेफा. ३६ इंच पन्ह्यात आडवे सात तुकडे बसतात. १५० तुकड्यांना २२ ओळी, म्हणजे जेमतेम सात मीटर. साडेसात घ्या. पन्हा दुकानागणिक वेगळा भरतो, तिथल्या तिथे मोजून हिशेब करा. घडीच्या बटव्यात मागच्या बाजूची बुट्टी उलटी येते. त्यामुळे नथ, कोयरी, कलश अशा सरळ-उलट कळणाऱ्या बुट्ट्या टाळा. चौकड्याची किंवा ठिपक्याची बुट्टी दोन्हीकडून सारखीच दिसते.

खण कापल्या कापल्या उसवायला लागतो, म्हणून आधी चारही कडा ओव्हरलॉक आणि मग शिलाई. शेजारच्या टेलरकडून ओव्हरलॉक नगाला दोन रुपयांत झालं. घरी पिको करून पाहिलं होतं, पण नाडी दहा वेळा ओढल्यावर नेफ्याच्या तोंडाशी धागे निघाले. नेफ्याच्या तोंडाशी उलट-सुलट तीन टाके घेतले की तो प्रश्न राहत नाही. दोन्हीकडून ओढायच्या नाडीसाठी १४ इंचांचे दोन तुकडे लागतात. सॅटिन दोरीची टोकं कापल्यावर लगेच मेणबत्तीवर हलकेच वितळवून घ्या.

खरेदीबद्दल थोडं. पिशव्या, दोरी, स्टिकर यासाठी रविवार पेठ आणि बोहरी आळीला दुसरा पर्याय नाही. सकाळी अकराच्या आत गेलात तर दुकानदार नमुने काढून दाखवतो, दुपारनंतर गर्दीत ते होत नाही. तुळशीबागेत तयार बटवे मिळतात, पण या मापात अस्तर नसलेला बटवासुद्धा घरच्या खर्चाच्या दुपटीला पडतो. सुगंधाच्या बाबतीत मात्र कडक राहा. अगरबत्तीसाठी विकला जाणारा मोगरा स्वस्त असतो, पण तो अंगाला लावायच्या वस्तूसाठी नाही. साबणात चालतो असं लेबलवर किंवा कागदावर लिहिलेलं असेल तोच घ्या, आणि बेसच्या दोन टक्क्यांवर जाऊ नका, किलोला २० ग्रॅम. व्हॅनिला मिसळलेला सुगंध पांढरा बेस तपकिरी करतो. एका घाऊक व्यापाऱ्याने सुटा बेस मेणकागदात बांधून दिला होता, तो घरी येईपर्यंत कडेने चिवट झाला होता. सीलबंद ठोकळाच घ्या.

रंगासाठी हळद घालून पाहिली, ५०० ग्रॅमला पाव चमचा. साबणाच्या अल्कलीत ती नारिंगीकडे झुकते, उजेडात फिकी पडते आणि तळाशी कण बसतात. मायका (चमकदार खनिज रंगपूड) बरा. ओतण्याचं तापमान ५२ ते ५५ अंश. बुडबुड्यांवर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारायचं, पण गॅस बंद केल्यावरच, ते पटकन पेट घेतं.

खर्च : बेस दहा किलो १९०० रुपये, सुगंध आणि मायका ४८०, खण १०५०, दोरी ११० मीटर ३३०, ओव्हरलॉक ३००, श्रिंक पिशव्या २२५, स्टिकर ४५०. एकूण ४७३५, म्हणजे नगाला साडेएकतीस. मर्यादा चाळीसची आहे.

हे लिहितानाच क्रम बदलावा असं वाटलं. साबण आत्ता ओतायचेच कशाला? भाद्रपद-आश्विनात सगळे बटवे शिवून ठेवायचे आणि कोजागिरीनंतर, परतीचा पाऊस ओसरला की, चार दिवसांत साबण ओतायचे. १६ खाचांच्या साच्यांत १५० नगांना दहा घाणे, म्हणजे दिवसाला अडीच. कोरड्या हवेत ओतलेली वडी पिशवीत जातानाच कोरडी असेल. अडचण एवढीच की तेव्हा घामाची चाचणी घेता येणार नाही. त्यासाठी पावसाळा डब्यात तयार करता येतो : घट्ट झाकणाच्या डब्यात वाटीभर मीठ, ओल्या वाळूइतपत भिजवलेलं, आणि त्यावर जाळीवर वडी. मिठाच्या अशा लगद्यावरची हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर राहते. स्वस्त आर्द्रतामापक खरा आहे की नाही तेही याच डब्यात कळतं. आमचा ७९ दाखवतोय, म्हणजे वरच्या आकड्यांतून चार वजा करून वाचा.

दुसरी कल्पना कोल्ड प्रोसेसची, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून न शिजवता साबण करण्याची. त्यात वरून घातलेलं ग्लिसरीन नसतं, त्यामुळे घाम बराच कमी. खोबरेल २००, शेंगदाणा तेल २५०, एरंडेल ५० ग्रॅम. पाच टक्के तेल मोकळं (साबण न होता) ठेवून कॉस्टिक सोडा ७३ ग्रॅम, पाणी १५५. आकडे आपल्या तेलांसाठी साबणाच्या सोडा-कॅल्क्युलेटरवर पुन्हा तपासा. सोडा नेहमी पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियम अजिबात नाही. चष्मा आणि हातमोजे हवेतच. यातून साधारण ११ वड्या निघतील. गणपतीत ओतल्या तर दिवाळीपर्यंत मुरतील. मुख्य साबण मेल्ट-अँड-पोरचाच राहील, या ११ वड्या मिठाच्या डब्यात शेजारी ठेवून तोलायच्या आहेत.

सध्या डब्यात सहा वड्या आहेत, तीन सुरकुती नसलेल्या स्टिकरच्या आणि तीन मुद्दाम सुरकुती पाडलेल्या. दर दोन दिवसांनी वजन घेतोय.