वर रेशीम, खाली सोरा

जपानमधलं शिराकावा-गो सुंदर आहे, पण तिथे माणसांच्या डोक्यांतूनच घरं बघावी लागतात. मला आणि मैत्रिणीला खरं आवडलं ते पुढच्या गोकायामातलं आइनोकुरा. दोन्हीकडची गावं 1995 पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आइनोकुरा मात्र निवांत. जेमतेम वीसेक गवती छपरांची घरं, भातखाचरं आणि मागे डोंगर.

गाइडकाकांनी एका घराच्या माळ्यावर नेलं. छपराचा उतार जवळजवळ 60 अंशांचा, इथला जड, ओला बर्फ घसरून पडावा म्हणून. छपराच्या सांगाड्यात खिळा नाही; सगळं दोर आणि लवचीक फांद्यांनी आवळलेलं. खालच्या चुलवणाचा धूर वर चढतो, गवत कोरडं राहतं, कीड लागत नाही. मैत्रीण कोकणातली. म्हणाली, "अगं, आजीचा माळा असाच काळा होता."

या माळ्यांवर रेशमाचे किडे पाळायचे. त्यांची विष्ठा, माती आणि रानगवत जमिनीखालच्या खड्ड्यात थरांनी रचून काही वर्षं कुजवायचं, मग त्यातून सोरा काढायचा. बंदुकीच्या दारूसाठी तो कागा संस्थानाकडे जायचा. इतक्या शांत गावाचा हा धंदा! काका हे सांगताना भलतेच खुशीत होते.

जेवणात इथला प्रसिद्ध टोफू, दोरीने बांधून नेता येईल इतका घट्ट. मैत्रिणीने त्याला पनीर ठरवून टाकलं. जाणार असाल तर ताकाओकाहून बस आहे. परतीची वेळ आधीच बघून ठेवा, बस मोजक्याच असतात.