आमची वाटचाल : अर्ध्यात अडकलेला टप

दुकानाच्या पाटीवर आजही नुसतं ‘ऑटो इलेक्ट्रिकल्स’ एवढंच आहे. नाना पेठेतल्या दहा बाय चौदाच्या गाळ्यात 1994 साली बसलो तेव्हा काम म्हणजे सेल्फ (गाडी चालू करणारी मोटर), डायनामो आणि आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा, त्याचं वाइंडिंग. शेजारी चाचा जीपचे हूड शिवायचे. टपाची, म्हणजे छत मागे घडी होणारी, एखादी जुनी गाडी आली की कापड चाचांचं, वायर माझी. लिखापढी कसलीच नाही. रात्री गल्ला उघडायचा आणि निम्मे निम्मे.

बटणावर उघडणाऱ्या टपाच्या गाड्या पुण्यात दिसू लागल्या तेव्हा मी लांबच राहायचो. चाचाच म्हणाले, “कापड फाटून काम येत नाही रे, येतं ते मोटर थांबली म्हणून. मोटर तर तुझी.” तिथून आमचं नाव झालं.

आणि 2009 च्या जुलैत ते जायची वेळ आली. एका हॉटेलवाल्यांच्या गाडीचा टप अर्ध्यात थांबलेला. मी रिले (मोटरला करंट जोडणारा स्विच) आणायला गेलो आणि मागे पाऊस सुरू झाला. हा टप तेलाच्या दाबावर हलतो, मोटरवर चालणारा पंप ते तेल सिलिंडरमध्ये ढकलतो. सिलिंडरमध्ये तेल कोंडलेलं असतं, पंपाचा व्हॉल्व्ह सैल केल्याशिवाय टपाला हात लावायचा नाही, हे दुकानात कामाला असलेल्या पोराला शंभरदा सांगितलेलं. सीट भिजतील म्हणून त्याने आणि शेजारच्या चहावाल्याने जोर लावला. डावी पट्टी वाकली, मागची काच तडकली. सीट भिजल्या त्या भिजल्याच. साडेतीन लाख भरून दिले. वाइंडिंग मशीन विकलं, गाळ्याचं भाडं सहा महिने थकलं. पलीकडच्या रस्त्यावरच्या मोठ्या गॅरेजला हे आयतंच सापडलं. “तिकडे टप मोडून मिळतो,” असं त्यांचा मॅनेजर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा. वर पगारात पंधराशे वाढवून माझा पोरगाही नेला. ज्याने टप मोडला, तोच! चाचांनी त्या वर्षी गल्ल्यातला आपला वाटा उचलला नाही. विचारलं तर म्हणायचे, हिशेब राहू दे.

2011 च्या पावसाळ्यात एरंडवण्याच्या डॉक्टरीणबाई आल्या. गाडी 2005 सालची बीएमडब्ल्यू झेड 4, कापडी टपाची. बटण दाबलं की काचा उतरायच्या, टप ढिम्म. त्याच मोठ्या गॅरेजने स्कॅनर लावून आख्खा पंप बदलायला सांगितलेला, तोही बाहेरून मागवून. मी आधी गाडी चालू ठेवून बॅटरीचे व्होल्ट पाहिले, फ्यूज पाहिला. मग मोटरच्या प्लगला टेस्ट लॅम्प लावून बाईंना बटण दाबायला सांगितलं. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे स्विच, रिले, वायर सगळं ठीक, मोटरच मेलेली. मीटरच्या आकड्यावर इथे भरवसा ठेवू नये. कुजक्या वायरवरही मीटर बारा व्होल्ट दाखवतो, बल्ब मात्र पेटत नाही. माझा तो लॅम्प दोन सेलच्या टॉर्चच्या होल्डरचा आहे, तीस वर्षं झाली.

पण मोटर मेली कशाने? या गाडीत ती डाव्या बाजूला, टप जिथे घडी होऊन बसतो त्या खळग्याच्या तळाशी असते, आणि खळग्यातलं पाणी जायला खाली भोक असतं. बाईंची गाडी गुलमोहराखाली उभी राहायची. त्या बारीक पानांनी भोक बुजलेलं आणि मोटर स्पंजात गुंडाळून पाण्यात बसलेली. बाहेर काढायलाच दीड दिवस गेला. आतलं अस्तर चाचांनी एक टाका न तुटता सोडवलं. मोटर उघडली तर चहासारखं पाणी. कार्बन, म्हणजे आर्मेचरला करंट देणारे ठोकळे, गंजून घरात अडकलेले. आर्मेचर ग्राउलरवर, म्हणजे वाइंडिंग तपासायच्या यंत्रावर, धरलं, शाबूत निघालं. कम्युटेटरवर (कार्बन घासतात तो तांब्याचा भाग) झिरो पेपर, नवे कार्बन, आणि पंप पुन्हा त्या विहिरीत न घालता वर डिकीत बसवला. चौथ्या दिवशी टप उघडला तेव्हा चाचांनी शिवणमशीन थांबवलं.

बाईंनी त्यांच्या ओळखीतल्या पाच गाड्या पाठवल्या. पुढची दहा वर्षं नीट चालली.

एक सांगून ठेवतो. बटण दाबल्यावर पंपाचा आवाज येतो पण टप हलत नाही, तर तेल कुठे गळतंय ते शोधा. टाकीत ब्रेक ऑइल ओतू नका, सीलं फुगतात आणि मग सिलिंडरच जातात. पाण्याच्या भोकांत मेमध्येच नायलॉनची दोरी फिरवा, तार नको. आणि मर्सिडीज एसएलके असेल तर आधी डिकीतला पडदा ओढून खाचेत बसवा. तो बसला नाही की टप हलतच नाही, मग माणसं गाडी टो करून आणतात. अशा एकांकडून मी चहाचेही पैसे घेतले नाहीत. पलीकडे त्याच कामाचं साडेआठ हजारांचं बिल झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

चाचांना आता सुईत दोरा दिसत नाही, तरी अस्तर सोडवायला तेच येतात. गेल्या जूनमध्ये त्या मोठ्या गॅरेजच्या टो गाडीवरून टपाची एक मिनी गाडी आली. सोबतच्या पोराला विचारलं, बिल कोणाच्या नावाने करू? म्हणाला, “नाव नको काका, रोख देतो.”

मी त्यांच्या गॅरेजचं पूर्ण नाव, पत्त्यासकट, टाकून पावती फाडली.