हंगामाचा सण आणि भिजकं सोयाबीन

आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नाताळापेक्षा हंगामाच्या सणाची वाट जास्त बघितली जायची, हे बाहेरच्यांना पटत नाही. नाताळ सगळ्यांना माहीत असतो, शेजारचेही केक खायला येतात. हा सण मात्र आमचा आमचा. दिवाळीच्या पुढंमागं, सोयाबीन आणि भुईमूग निघाल्यावरच्या एखाद्या रविवारी. वडीलधारे त्याला उपकारस्तुतीचा सण म्हणायचे. आम्ही पोरं सरळ 'लिलाव' म्हणायचो.

आदल्या संध्याकाळी तरुण संघाची पोरं ऊस घेऊन यायची आणि वेदीच्या दोन्ही बाजूंना बांधून वर कमान करायची. सकाळी कृष्णाकाठची, तासगावकडची, मिरजेतली नोकरदार अशी सगळी माणसं जमायची. कुणाकडे शेंगांची पिशवी, कुणाकडे मक्याची कणसं, भोपळा, रुमालात बांधलेली अंडी, पाय बांधलेली कोंबडी. ज्यांना रान नाही ते घरचं लोणचं आणायचे, विणलेला रुमाल आणायचे, नाहीतर पगारातला वाटा पाकिटात घालून. पाळकांचा संदेश, म्हणजे प्रवचन, चालू असताना कोंबडी हमखास ओरडायची. पाळकसाहेब थांबायचे, तिचं झालं की पुढचं वाक्य घ्यायचे.

उपासना संपली की अंगणात लिलाव. पुकारणारे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, त्यामुळं माईकची गरज नव्हती. साधा नारळ, पण बोली चढत जायची. घेणारा पैसे भरून नारळ परत टेबलावर ठेवायचा, म्हणायचा, "पुन्हा देवाला!" मग तोच नारळ पुन्हा विकायचा. पाहुण्यांना यातलं गणित कळायचं नाही. त्यानंतर प्रीतिभोजन, आणि त्याबद्दल मी लिहायला लागलो तर मुद्दा राहील बाजूला.

आमच्या घरी या सणाआधी दरवर्षी एक ठरलेली वादावादी व्हायची. वडिलांचं म्हणणं, आधी सोसायटीचा हप्ता, दुकानाची उधारी, मग उरेल त्यातलं मंडळीला. आजी ऐकायची नाही. शेंगा अंगणात पडल्या, की मोजमाप व्हायच्या आधी ती एक पाटी बाजूला काढायची. "उरल्यावर कुणीबी देतंय," एवढंच म्हणायची. मग आम्हाला बायबलातली सारफथच्या विधवेची गोष्ट. घरात मूठभर पीठ आणि थोडंसं तेल. आपण आणि पोरानं एकदाचं खायचं आणि मरायचं, असा तिचा हिशेब. आणि एलीया संदेष्टा म्हणतो, आधी माझ्यापुरती भाकरी कर. "त्या बाईला काय म्हाईत हुतं मडक्यातलं पीठ सरणार न्हाई म्हणून?" आजी विचारायची. तिचा सगळा भर या प्रश्नावर असायचा, चमत्कारावर नसायचा. रविवारच्या शाळेत आम्ही भरवशाची वचनं पाठ करून बक्षिसं मिळवली, पण बाजूला काढलेली ती पाटी माझ्या जास्त लक्षात राहिली.

साक्षींचा भाग मला कधीच पूर्ण रुचला नाही, हे सांगून टाकतो. कुणीतरी उठायचं आणि सांगायचं, अमुक दिलं, प्रभूनं दुप्पट परत केलं. मनात यायचं, ही तर ठेवपावती झाली. आणि ज्यानं दिलं पण ज्याची म्हैस मेली, त्यानं कधी उभं राहायचं?

अपवाद एका साक्षीचा. मिरजेच्या मिशन दवाखान्यात उभा जन्म गेलेल्या एक नर्सबाई आमच्या मंडळीत होत्या. सगळे त्यांना सिस्टरमावशी म्हणायचे. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ मध्ये मिरजेचा दवाखाना उभा राहिला. त्या काळच्या कथा मावशींनी थोरल्या नर्सेसकडून ऐकलेल्या. त्या एकदा म्हणाल्या, "आम्ही ऑपरेशनच्या आधी प्रार्थना करायचो. पण त्याच्याही आधी अवजारं उकळायचो, कोपरापर्यंत हात धुवायचो, बोळे मोजून ठेवायचो. सगळं झालं की मग डोळे मिटायचे." थोडं थांबून पुढं म्हणाल्या, "आणि पेशंटला भूल देताना तो भीतीनं श्वास धरून ठेवायचा. धरून ठेवला की भूल चढत नाही. 'सोडा, श्वास सोडा' म्हणून हात धरून बसावं लागायचं. माझंही देवाबरोबर बरीच वर्षं तसंच चाललं होतं." एवढं बोलून बसल्या. दुप्पट मिळाल्याचं एक अक्षर नाही.

मग २०१९ साल आलं. ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. नदीकाठची रानं कित्येक दिवस पाण्याखाली. त्यातून वाचलेल्यांना दिवाळीच्या सुमारास अवकाळी पावसानं गाठलं. तासगावकडं द्राक्षबागांवर दावण्या रोग, घडांची कूज. कमिटीत प्रश्न निघाला, यंदा सण करायचा कशाचा? नुसती वर्गणी काढून पूरग्रस्तांना देऊ, असं बऱ्याच जणांचं मत. मलाही तेच बरोबर वाटत होतं. पाळकसाहेबांनी त्या बैठकीत बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय वाचला: अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. द्राक्षवेलीपाशी बागायतदारांनी माना खाली घातल्या. सण ठरला.

त्या रविवारी वेदीपाशी बाजारातनं आणलेली सफरचंदं आणि बिस्किटांचे पुडे जास्त. तेवढ्यात नदीकाठचे एक काका अर्धं पोतं घेऊन आले. आत सोयाबीन, काळं पडलेलं, शेंगेतच मोड फुटलेलं, वास येणारं. कमिटीतल्या कुणीतरी हळूच म्हटलं, हे बाहेर ठेवूया. काका म्हणाले, "यंदा ह्येच पिकलंय. दुसरं कुठलं आणू?" पाळकसाहेबांनी स्वतः उचलून ते सफरचंदांच्या शेजारी ठेवलं.

लिलावात कंडक्टरकाकांनी पुकारा केला, "सोयाबीन, भिजकं, म्हशीसुद्धा तोंड लावायच्या नाहीत!" हशा झाला, आणि बोली सुरू झाली ती थांबेना. एकानं घेतलं, पुन्हा देवाला. दुसऱ्यानं घेतलं, पुन्हा देवाला. शेवटी सोयाबीनवाले काकाच बोली लावायला उठले, तर कंडक्टरकाका खेकसले, "आपल्याच मालावर बोली न्हाई चालत! बसा खाली!" नियम तसा खराच होता.

जमलेल्या पैशातून पूर आलेल्या घरांना रब्बीचं बियाणं द्यायचं ठरलं. काका घ्यायला तयार होईनात. दिलेलं परत घरी कसं न्यायचं, म्हणून अडून बसले. काकू त्यांना बाजूला सारून खजिनदारांच्या टेबलापाशी गेल्या. म्हणाल्या, "हरभरा द्या आमाला, गहू नको. रानाला अजून वाफसा न्हाई. पण बी घरात असू दे."