चाळीस नमुने होते, आता नऊ आहेत

कुणी "तुमचा कारखाना कुठाय?" असं विचारलं की मला अजून हसू येतं. सांगलीत पत्र्याची एक शेड, दोन लेथ, एक बँडसॉ, चार माणसं आणि दाराशी झोपणारं एक कुत्रं, एवढाच आमचा पसारा. पण लाकडी खेळण्यांवर 'आयएसआय'चा शिक्का मारायची परवानगी आहे, त्यामुळे कागदोपत्री आम्ही 'उत्पादक' आहोत. हा शब्द आम्हाला कसा चिकटला, ते सांगायचं आहे.

मी मूळची बालवाडीतली बाई. आमच्या ह्यांचं फर्निचरचं काम, दारं, कपाटं, किचन ट्रॉल्या. बालवाडीतले प्लॅस्टिकचे ठोकळे दर दिवाळीपर्यंत फुटायचे, तेव्हा ह्यांच्या मागं लागून उरलेल्या लाकडाचे ठोकळे करून घेतले. ते बघून शेजारच्या बालवाडीच्या बाईंनी मागितले, मग तिच्या बहिणीनं. खरा धंदा सुरू झाला तो मामा आल्यावर. मामा म्हणजे माझे कुणी नात्याचे नव्हेत. जुने कातारी, म्हणजे लेथवर फिरतं लाकूड कातणारे, सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते. पाळण्याचे खूर, खाटेचे पाय, लाटणी, रव्या, भोवरे असं आयुष्यभर कातलं. पुढं स्टीलच्या खाटा आल्या, रवीची जागा मिक्सरनं घेतली, आणि मामा घरी बसले. त्यांना म्हटलं, भातुकली कराल का? म्हणाले, "लेथ सुरू कर, मग बोलू."

लाकडाची सोय मिरजेनं केली. तिथं सतारी-तानपुरे बनवणाऱ्यांकडं तुणाच्या लाकडाचे तुकडे पडलेले असतात, वाद्याला निरुपयोगी आणि आमच्या जात्याला अगदी मापाचे. ते पोत्यानं आणायचो. जातं, उखळ-मुसळ, पोळपाट-लाटणं, चूल, पाटा-वरवंटा, बंब, हंडा-कळशी असा बावीस नगांचा संच आम्ही करत होतो. अर्धा माल लग्नाच्या रुखवतात जायचा. याखेरीज खुळखुळे, भोवरे, पांगुळगाडे, चाकाचा हत्ती, बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, बैलजोडी. नमुने मोजले तर चाळीसच्या वर भरायचे. एकेक नमुना वर्षाला डझन-दोन डझन. कुणी म्हटलं, "आमच्या नातवाला ट्रॅक्टर पाहिजे", की मामा दुपारपर्यंत ट्रॅक्टर उभा करायचे. आमची ताकद हीच होती, आणि पुढं अडचणही हीच झाली.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णामाई शेडमध्ये आली. छातीभर पाणी, मोटरी गेल्या, वाळवलेलं लाकूड कुजलं. ते सावरतोय तोवर फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारचा खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश निघाला. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या कुठल्याही खेळण्यावर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह, म्हणजे तोच 'आयएसआय'चा शिक्का, पाहिजे. त्याशिवाय बनवायचं नाही, विकायचं नाही, विकायला साठवायचंही नाही. २०१६ च्या ब्यूरोच्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा कमीत कमी दोन लाख दंड आहे. आमच्या सगळ्या यंत्रांची किंमत तेव्हा तेवढी भरली नसती. पूर ओसरल्यावर निदान गाळ दिसतो, कुठून उपसायचा ते कळतं. इथं कुठून सुरुवात करायची तेच कळेना.

आदेश कुणासाठी होता ते न कळण्याइतके आम्ही भोळे नाही. बाहेरदेशातून किलोच्या भावानं येणारी रंगीत खेळणी अडवायची होती. त्याच महिन्यात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, आणि २०२३ मध्ये ७०. त्याचं मला वाईट वाटायचं कारण नाही. पण वाळल्याबरोबर ओलंही जळतं, तसं आम्ही त्यात आलो.

आधी १ सप्टेंबर २०२० ही तारीख होती, ती पुढं १ जानेवारी २०२१ झाली. मधल्या लॉकडाउनमध्ये लेथ बंदच होते, तेव्हा मानक वाचायला बसले. आयएस ९८७३. पहिला भाग खेळण्याच्या घडणीचा, म्हणजे टोकं, कडा, सुटणारे तुकडे. दुसरा पेट घेण्याचा. तिसरा रंगातून शरीरात उतरणाऱ्या आठ मूलद्रव्यांचा, शिसं, पारा, कॅडमियम वगैरे. विजेवरच्या खेळण्यांचं मानक वेगळं, ते आम्हाला लागू नव्हतं. इंग्रजी माझं बेताचं, पण आकृत्या कळत होत्या. त्यातल्या एका आकृतीपाशी मी थांबले.

ती एका नळीची होती. आतला व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, एका बाजूला २५.४ मिलिमीटर खोल आणि दुसऱ्या बाजूला ५७.१. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा कुठलाही सुटा तुकडा या नळीत न दाबता पूर्ण मावला, तर तो पोराच्या घशात अडकू शकतो असं धरायचं. बालवाडीत एका पोरानं चिंचोका गिळलेला तेव्हाचा त्याच्या आईचा चेहरा मला आठवला. मामांना आकृती दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, सागाचा एक तुकडा लेथला लावला आणि तासाभरात नळी कातून हातात दिली. कॅलिपरनं मोजली, माप बरोबर होतं.

मग मी आणि मामा जमिनीवर बसलो आणि भातुकलीचा एकेक नग त्या नळीत टाकून बघायला लागलो. पोळपाट वरच राहिला. लाटणं तीन इंचाचं, त्याचं डोकं बाहेर. मामा खूश. मग मुसळ टाकलं, दोन इंची. ते सळकन आत गेलं आणि दिसेनासं झालं. जात्याचा खुंटा गेला. कळशीचं झाकण गेलं. चाकाच्या हत्तीच्या चाकाची टोपी ओढून काढली, ती तर अशी गेली की जणू नळी तिच्यासाठीच केली होती. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई, पन्नास वर्सं मी हे पोरांच्या हातात दिलं की." मी म्हटलं, कुणाला काही झालं नाही ना मामा. म्हणाले, "आपल्याला सांगाया कोन येतंय?"

त्या दिवसापासून मी नियमाला सरसकट शिव्या देणं बंद केलं. चाकाला खिळ्याऐवजी लाकडी आस आणि आत बसवलेली टोपी आली. मुसळ साडेतीन इंचाचं झालं, उखळीत जरा विचित्र दिसतं. भातुकलीवर 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही' असं छापलं. पण नुसतं छापून भागत नाही. खेळणं बघून ते कुठल्या वयाचं आहे हे तपासणाराही ठरवतो, आणि खुळखुळ्यावर 'तीन वर्षांवरील' लिहिलं तर तो हसणारच.

रंगाची कथा वेगळी. कातकामाला लाख चढवताना फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी धरायची. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून पसरते, मग केवड्याच्या वाळल्या पानानं घासलं की चकाकी येते. हे मामांनी कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या, लाकडी खेळण्यांच्या गावच्या, एका कारागिराकडून उचललं होतं. लाखेत कालवायचा रंग आम्ही पेठेतून पुड्यांत आणायचो. नमुने प्रयोगशाळेत गेले तेव्हा लाल पास, हिरवा पास, पिवळा नापास. झळझळीत पिवळ्या आणि केशरी पुडीत लेड क्रोमेट असू शकतं, हे तेव्हा कळलं. शिशाची मर्यादा किलोला ९० मिलिग्रॅम. हळदीच्या पेठेच्या गावात राहून आम्ही पिवळ्या रंगात नापास झालो!

मग हळदच कालवून बघितली. रंग सुरेख आला, पण खिडकीतल्या उन्हात पंधरा दिवसांत उडाला. आता पिवळा रंग प्रमाणपत्रासह विकत घेतो, तिप्पट भावानं, आणि प्रत्येक डबा कधी उघडला त्याची वहीत नोंद ठेवतो. हळदीचा एक हत्ती माझ्या टेबलावर आहे, आता पांढुरका झालाय.

इथवर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मोजण्याच्या पद्धतीबद्दल. प्लॅस्टिकचा कारखाना एका साच्यातून एका नमुन्याचे लाख नग काढतो. त्याचा चाचणीचा खर्च लाखात वाटला जातो, नगाला काही पैसेच येतात. आम्ही एका नमुन्याचे चोवीस नग करायचो. एकसारख्या खेळण्यांचा गट करून चाचणी करता येते, पण आमचा भोवरा, पांगुळगाडा आणि खुळखुळा एका गटात बसत नाहीत. काही नमुन्यांच्या चाचणीचा खर्च त्या नमुन्याच्या वर्षाच्या विक्रीहून जास्त निघाला. खुळखुळा वारंवार खाली टाकून बघतात, ओढतात, पिळतात. आमचा तिसऱ्या आपटीला सांध्यात उघडला. दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा तर पुन्हा खर्च. सोडून दिला. माझ्या सासूबाईंनी नातवंडांसाठी जपून ठेवलेला नमुना होता तो.

त्यात स्वतःची चाचणीची खोली पाहिजे. लहान उद्योगांना सुरुवातीला त्यातून वर्षभराची सूट मिळाली, पुढं ती वाढली. पण सूट 'वाढते', कायम होत नाही, आणि दरवेळी मुदत संपत आली की आम्ही जीव मुठीत धरून बसतो. मधे एका सल्लागारानं 'सगळं करून देतो' म्हणून आगाऊ पैसे घेतले आणि ब्यूरोच्या पोर्टलवर अर्धवट अर्ज भरून फोन उचलायचा बंद केला. उरलेला अर्ज माझ्या मुलीनं बारावीचा अभ्यास सांभाळून भरला.

डिसेंबर २०२० मध्ये आदेशात दुरुस्ती झाली, तेव्हा पेढे वाटावेत इतका आनंद झाला होता. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडं नोंदलेल्या कारागिरानं बनवून विकलेल्या मालाला सूट. भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या गावाची खासियत म्हणून सरकारी नोंद) असलेल्या खेळण्यांच्या नोंदणीकृत हक्कदारांनाही सूट. चन्नपट्टणला मानांकन आहे, आंध्रातल्या कोंडापल्लीला आहे. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यालाही २०२४ मध्ये मिळालं, पण त्या लाकडाच्या उरलेल्या तुकड्यांना कोण देणार? मामांचं पहचान कार्ड, म्हणजे हस्तशिल्प आयुक्तांकडच्या नोंदणीचं ओळखपत्र, मात्र करून घेतलं. मग आदेशाचं वाक्य नीट वाचलं. 'बनवून विकलेल्या'. बनवणारा आणि विकणारा एकच. मामा बनवतात, पण विकते मी, माझ्या फर्मच्या बिलावर. म्हणजे मामा एकटे घरी बसून कातत असते तर मोकळे होते. चार जण एका छपराखाली आले, पगारपत्रक आलं, जीएसटी आला, की तोच हात, तोच लेथ, तेच लाकूड 'कारखान्याचा माल' होतो. सहकाराच्या जिल्ह्यात एकत्र येण्याचीच शिक्षा!

अमेरिकेत राहणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईनं भातुकलीचे वीस संच मागितले, तेव्हा तिथला नियमही धुंडाळला. २००७ मध्ये रंगातल्या शिशामुळे तिथं खेळणी परत मागवावी लागली, त्यातून २००८ चा कडक कायदा आला, आणि घरगुती खेळणी करणारे तिथंही हवालदिल झाले. २०११ मध्ये दुरुस्ती झाली. ज्याची उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या आत (तेव्हा दहा लाख डॉलर, पुढं महागाईप्रमाणं वाढत गेली) आणि एका वस्तूचे नग वर्षाला ७,५०० च्या आत, त्याची लहान उत्पादक म्हणून नोंद होते आणि काही चाचण्या बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घ्याव्या लागत नाहीत. रंगातलं शिसं आणि गिळता येणारे तुकडे यांत मात्र सूट नाही. न रंगवलेल्या साध्या लाकडाला शिशाची चाचणी नाही. मला हे वाचून हेवा वाटला. कारागीर कोण आणि फर्म कोण हा घोळच नाही, नग मोजा आणि ठरवा. ते वीस संच मात्र पाठवले नाहीत. कागदपत्रांचा खर्च संचांहून जास्त होता.

शेवटी आम्ही चाळीसातले नऊ नमुने ठेवले. ठोकळे, रिंगांचा मनोरा, पांगुळगाडा, हत्ती, भातुकलीचा बारा नगांचा छोटा संच असे. परवाना आला त्या दिवशी शिक्क्याच्या नंबराचा कागद ह्यांनी देवापुढं ठेवला. जानेवारी २०२३ मध्ये मॉल आणि विमानतळांवरच्या दुकानांवर छापे पडून १८,६०० खेळणी जप्त झाली, तेव्हापासून पुण्याचे दुकानदार आधी "शिक्का आहे का?" विचारतात आणि मग भाव. नऊ नमुन्यांवर आज चाळीसांपेक्षा जास्त धंदा होतो, हे कबूल केलं पाहिजे. कंटाळाही येतो, हेही.

रुखवताची भातुकली आमच्या ओळखीतले काही जण 'शोभेची वस्तू, खेळणं नव्हे' अशी चिठ्ठी लावून विकतात. मला ते जमत नाही. नवरीच्या घरी ती दोन दिवस शोभेला राहते आणि तिसऱ्या दिवशी नणंदेची पोरगी तिच्याशी खेळते.

बैलजोडी मात्र सुटत नव्हती. चाकावरचा बैल बेंदराला देव्हाऱ्यात बसतो, पूजा होते, नैवेद्य होतो, आणि संध्याकाळी पोरं त्याला दोरी बांधून ओढतात. सकाळी देव, संध्याकाळी खेळणं. परवान्यात घालायचा तर वर्षातून एकदा पन्नास जोड्या खपतात, परवडत नाही. तोडगा मामांनीच काढला. रविवारी स्वतःच्या घरच्या जुन्या लेथवर बैल कातायचे आणि बेंदराच्या आधी पेठेत स्वतः पोतं टाकून बसायचं. कार्ड त्यांचं, माल त्यांचा, पैसे त्यांचे. पिवळा रंग तेवढा आमच्याकडचा नेतात, पैसे देऊन, वहीत सही करून.

गेल्या बेंदराला मी त्यांना डबा द्यायला गेले होते. एक बाई बैल उलटा करून बघत होत्या. मला ओळखून म्हणाल्या, "ताई, तुमच्यातलाच ना हा? मग शिक्का कुठाय?" मी काही बोलायच्या आत मामांनी खिशातून पहचान कार्ड काढून त्यांच्यापुढं धरलं.

"शिक्का ह्यो हाय," म्हणाले. "फोटो जुना हाय जरा."