ओसाकात आधी बोलणी खा, मग जेवा

ओसाकाला जाणारं कोणी भेटलं की प्रश्न ठरलेला, खायचं कुठे? आणि मी तोंड उघडायच्या आत समोरचा मोबाईल काढून दोतोनबोरी ह्या टुरिस्टांच्या लाडक्या भागाचे फोटो दाखवायला लागतो, तो ग्लिको कंपनीच्या जाहिरातीतला धावणारा माणूस, तो दुकानावरचा पाय हलवणारा भलामोठा खेकडा. बघा की, जरूर बघा, पहिल्या रात्री मीही तिथल्या पुलावर उभं राहून दोन्ही हात वर करून फोटो काढलाय, त्यात लाज कसली. पण फोटो झाला की पोट भरायला तिथून निघा, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण तिथे रांगेत तुमच्या पुढेमागे सगळे तुमच्यासारखेच टुरिस्ट असतात, आणि मग तुम्ही चुकीचं खात असलात तरी तुम्हाला सांगणारं कोणी नसतं.

हे सांगणं फार महत्त्वाचं. मी ऑफिसच्या कामासाठी तिथे तीन आठवडे होतो, हॉटेलच्या रूममध्ये एक किटली सोडून काही नाही, म्हणजे रोज संध्याकाळी बाहेरच. आणि तीन आठवड्यांत एक गोष्ट पक्की कळली, ज्या दुकानात मी बोलणी खाल्ली तिथलं जेवण हमखास भारी निघालं. तोक्योत तुम्ही काहीही केलंत तरी कोणी हूं की चूं करत नाही, ओसाकात शेजारच्या स्टुलावरच्या काकू सरळ तुमच्या हातातलं हत्यार काढून घेतात.

पहिली बोलणी शिनसेकाईला. हा त्सुतेनकाकु टॉवरच्या पायाशी असलेला जुना भाग, पहिला टॉवर १९१२ चा, आत्ताचा १९५६ चा. दोबुत्सुएनमाए स्टेशनवरून आलात तर आधी जानजान योकोचो नावाचा बोळ लागतो, डोक्यावर छप्पर, एका बाजूला शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, खेळणारे म्हातारे आणि दोन्हीकडे कुशिकात्सुची दुकानं. कुशिकात्सु म्हणजे काडीला लावलेला मांसाचा, कोळंबीचा, कांद्याचा, कमळकाकडीचा तुकडा पिठात बुडवून, बारीक ब्रेडक्रम्समध्ये घोळवून तळलेला. दारुमा हे इथलं सगळ्यात नावाजलेलं दुकान १९२९ पासूनचं आहे, त्याच्या बाहेर त्या रागावलेल्या आचाऱ्याचा पुतळा असतो, लगेच ओळखाल. मी मात्र त्या दिवशी गर्दी बघून एका आठ-दहा स्टुलांच्या छोट्या दुकानात घुसलो. काउंटरवर स्टीलचा डबा, त्यात काळपट पातळ सॉस, डबा सगळ्यांना मिळून एकच. पहिली काडी बुडवली, चावा घेतला, वा, आणि सहज हात परत डब्याकडे गेला तर आचारी कढईवरून न बघताच ओरडला, "आकान!"

आकान म्हणजे ओसाकाच्या बोलीत नाही, चालणार नाही, अजिबात नाही. माझा तिथला पहिला शब्द. नियम असा की काडी सॉसमध्ये एकदाच, तीही उष्टी करायच्या आधी, कारण डबा सगळ्यांचा. मग सॉस कमी पडला तर? शेजारच्या काकांनी समोरच्या वाटीतलं कच्च्या कोबीचं पान उचललं, त्याने डब्यातला सॉस चमच्यासारखा उचलून माझ्या काडीवर सोडला आणि पान माझ्याच हातात दिलं, खा म्हणून. कोबी फुकट असतो, हवा तितका. कोरोनानंतर बऱ्याच दुकानांनी डबा काढून बाटली ठेवलीय, त्यामुळे ही बोलणी आता सगळीकडे मिळत नाहीत, डबा दिसला तर आधी तिथेच बसा. एक काडी साधारण १५०-२०० येन, पण काड्या मोजत बसा नाहीतर बिल बघून दचकाल. आणि दोतेयाकी मिळत असेल तर सोडू नका, गोडसर मिसोमध्ये, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टमध्ये, तासन्‌तास शिजलेला बीफचा चिवट भाग, तोवर पार लोण्यासारखा झालेला असतो.

ताकोयाकीच्या, म्हणजे आत ऑक्टोपसचा तुकडा घालून तव्यावर भाजलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या बाबतीत मला कोणी ओरडलं नाही, हसले फक्त. गरम गोळा अख्खा तोंडात टाकला, बाहेरून पातळ कुरकुरीत आणि आत अर्धवट शिजलेलं पीठ लाव्हासारखं, टाळू सोलून निघाली, डोळ्यांत पाणी आणि तव्यामागची मुलगी तोंडावर हात ठेवून हसतेय. आधी काडीने भोक पाडायचं, वाफ जाऊ द्यायची, मग खायचं. आता एक खरंच चांगलं ठिकाण सांगतो, आइझुया. १९३५ साली ताकोयाकी इथेच सुरू झाली असं मानतात. त्याआधी मालक आत बीफ घालून गोळे विकायचे, कोणा गिऱ्हाइकाने म्हटलं की आकाशी गावात तर ऑक्टोपस घालतात, झालं, तिथून ऑक्टोपस आला. त्यांच्या ताकोयाकीवर सॉस नाही, मेयोनीज नाही, वर ती नाचणारी माशाची पापडी पण नाही, चव सगळी पिठातच. पहिला गोळा खाऊन वाटेल हे काय फिकं, तिसऱ्यापर्यंत सॉसची आठवण यायची बंद होते. ओसाका स्टेशनजवळच्या उमेदा भागात पण त्यांची शाखा आहे.

मग ओकोनोमियाकी. ह्याला उगाच पॅनकेक किंवा पिझ्झा म्हणतात, दोन्ही चूक, ढीगभर कोबी, थोडंसं पीठ, अंडं आणि वर पोर्कचे पातळ काप, समोरच्या गरम तव्यावर. साधं हवं तर बुतातामा, म्हणजे पोर्क आणि अंड्याचं, मागवा, भूक जास्त असेल तर मोदानयाकी, त्यात नूडल्स पण असतात. मी छान पिझ्झासारखे त्रिकोण कापायला घेतले आणि इथे त्या काकू आल्या. "चिगाउ चिगाउ," म्हणजे चूक चूक, माझ्या हातातलं छोटं उलथनं, त्याला कोते म्हणतात, काढून घेतलं आणि खटखट उभ्या-आडव्या रेघा मारून चौकोन पाडले, वड्या पाडतात तसे. प्लेट बाजूला सरकवली, चॉपस्टिक्स पण. एक चौकोन कोत्यावर उचलून फुंकून थेट तोंडात, कारण प्लेटमध्ये घेतलं की गार होतं. बरं ह्या काकू स्वतः काय खात होत्या तर ओकोनोमियाकी, भात आणि मिसो सूप. पिठाच्या पदार्थाबरोबर भात! तोक्योवाले ह्यावरून त्यांना चिडवतात, त्यांना काही फरक पडत नाही. दोतोनबोरीतच खायचं असेल तर मिझुनो आहे, १९४५ पासूनचं, रांग लागते, उघडायच्या वेळी जा.

माझं सगळ्यात आवडतं खाणं मात्र ह्यातलं कुठलंच नाही, उदोन, म्हणजे गरम पाण्यातल्या गव्हाच्या जाड नूडल्स. ओसाकाचं उदोनचं पाणी फिकट सोनेरी, तोक्योसारखं काळं नाही, कारण मुख्य मदार कोम्बूवर, ते समुद्री शेवाळ पूर्वी होक्काइदोवरून जहाजांनी इथे यायचं. मिनामी-सेनबात उसामीतेई मात्सुबाया म्हणून दुकान आहे, १८९३ चं, कित्सुने उदोन त्यांनीच काढला म्हणतात. गोडसर शिजवलेलं तळलेलं तोफू आधी वेगळ्या बशीत द्यायचे, पण लोक ते उचलून वाडग्यात बुडवायला लागले, मग दुकानानेच आत घालून द्यायला सुरुवात केली. ते तोफू चावलं की गोड रस त्या खारट पाण्यात उतरतो आणि पुढचा घोट वेगळाच लागतो, त्यामुळे पाणी शेवटपर्यंत प्या, वाडगा तोंडाला लावून. आणि नांबाला चितोसे नावाच्या चिमुकल्या दुकानात निकुसुई मिळतं, म्हणजे मांसाचा उदोन पण उदोनशिवाय. जवळच योशिमोतोचं विनोदी थिएटर, तिथल्या एका कलाकाराने रात्री जास्त झालेली म्हणून दुसऱ्या दिवशी उदोन नको, बाकीचं दे म्हटलं, आणि तोच पदार्थ झाला. सोबत भातावर कच्चं अंडं. नाक मुरडू नका, एकदा खा.

संध्याकाळी फिरत फिरत खायचं असेल तर तेन्मा. ओसाका स्टेशनवरून लूप लाइनने फक्त एक स्टेशन, उतरलं की तेनजिनबाशीसुजीचा बाजार, साधारण २.६ किलोमीटर लांब, वर छप्पर, पाऊस असला तरी चिंता नाही. दुपारी दक्षिणेच्या टोकाला नाकामुरायाचं गरम कोरोक्के घ्यायचं, कागदात गुंडाळलेली बटाट्याची तळलेली टिक्की, सुट्या नाण्यांत काम होतं. आणि अंधार पडला की स्टेशनमागच्या गल्ल्यांत शिरायचं, तिथे उभ्याने प्यायची, खायची दुकानं एकाला एक चिकटून आहेत. एकात दोन प्लेट, पुढच्यात दोन प्लेट. इथे काही ठिकाणी न मागता एक छोटी वाटी समोर येते, ओतोशी, मी पहिल्यांदा खूश झालो की वा फुकट, ती बिलात ३००-४०० येनला लागली, ते जागेचे पैसे समजा.

उमेदाला वेळ कमी असेल तर हानशिन डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात इकायाकी, दोन गरम लोखंडी पाट्यांमध्ये दाबलेलं पीठ आणि स्क्विडचे तुकडे, उभ्याने पाच मिनिटांत खाऊन बाहेर.

शाकाहारी मंडळींसाठी वाईट बातमी, आणि गोड करून सांगण्यात अर्थ नाही. उदोनच्या पाण्यात मासा, ओकोनोमियाकीच्या पिठात तेच पाणी, कुशिकात्सुतल्या कमळकाकडीला अंड्याचं पीठ आणि तेल तर सगळ्यांचं एकच. वरचं मांस काढून टाका म्हणून भागत नाही. अंडं-मासा अजिबात नको असेल तर ही पोस्ट तुमच्या कामाची नाही, सॉरी.

निघायच्या दिवशी शिन-ओसाका स्टेशनवर ५५१ होराइचे बुतामान घेतले, पोर्क भरलेले वाफेचे गुबगुबीत बन, लाल डब्यात. शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सुटायच्या आधीच गाडीच्या डब्यात वास पसरला, मी ओशाळून पिशवी पायाशी सरकवली. शेजारी सूटबूटातले काका लॅपटॉपवर काम करत होते. पाचेक मिनिटांनी भूक आवरेना म्हणून मी हळूच एक काढून चावा घेतला. काकांनी लॅपटॉप अर्धा मिटला, माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "काराशी." मोहरीची पुडी. ती मी उघडलीच नव्हती.