नऊ दिवस एका आडनावापायी

मेक्सिकोच्या दक्षिण किनाऱ्यावरचं तेवांतेपेकचं आखात ओलांडायला आम्हाला 44 तास लागले. त्याच्या अलीकडच्या बंदरातून कागद घेऊन बाहेर पडायला नऊ दिवस. त्या नऊ दिवसांचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याने शिडाच्या बोटीवरून मध्य अमेरिकेकडे जाणारं आपल्यापैकी कुणी असेल, तर त्याच्यावर किंवा तिच्यावर ही वेळ येऊ नये. बंदराचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

बोट माझी नव्हे. एका निवृत्त जोडप्याची, 38 फुटी, एका डोलकाठीची. रात्रीच्या पाळ्यांना तिसरा माणूस हवा होता, म्हणून फेब्रुवारीत मी विमानाने सिवातानेहोला गेले आणि तिथून त्यांच्याबरोबर निघाले. एल साल्वादोरपर्यंत सोबत करायची असं ठरलं होतं. माझ्या पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा होता, त्यावर मेक्सिकोत प्रवेश मिळाला. अकापुल्को आणि त्यापुढचे दिवस मजेत गेले. दुपारी समुद्रावरून वारा, पहाटे जमिनीवरून झुळूक, मधले तास इंजिनावर.

तिथल्या मच्छीमारांच्या उघड्या छोट्या होड्यांना पांगा म्हणतात. ते लांबच लांब गळाच्या दोऱ्या सोडतात आणि खुणेला रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या किंवा काठीला काळं फडकं लावतात. अंधारात यातलं काही दिसत नाही, दोरी पंख्यात गुंतली की बसा सोडवत. रात्री किनाऱ्यापासून बरंच बाहेर राहा. आणि दिवसा पाण्यावर एखादा पक्षी नुसताच उभा दिसला तर आधी बोट वळवा. त्याच्या पायाखाली ओंडका तरी असतो, नाहीतर ऑलिव्ह रिडले कासव. मी अशी तीन कासवं ओळखली.

आता त्या आखाताबद्दल, कारण ते समजल्याशिवाय नऊ दिवस का झोंबले ते कळणार नाही. मेक्सिको या जागी चिंचोळा होतो. दोन समुद्रांमध्ये जेमतेम 200 किलोमीटर जमीन उरते आणि डोंगरांची रांगही इथेच खाली बसते. हिवाळ्यात उत्तरेकडची थंड हवा पलीकडच्या बाजूच्या मेक्सिकोच्या आखातात उतरली की ती या खिंडीतून घुसते आणि पॅसिफिकवर सुटते. वाटेत ला व्हेंतोसा नावाचं गाव आहे. नावातच वारा आहे. तिथे पवनचक्क्यांच्या रांगाच रांगा उभ्या आहेत आणि वारा चढला की महामार्गावर ट्रक उलटतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा जोराचा काळ. 40 नॉट, म्हणजे ताशी 74 किलोमीटर वारा तिथे नवलाचा नाही. आकाश मात्र स्वच्छ असतं, त्यामुळे डोळ्यांवर विश्वास ठेवून चालत नाही, हवामानाचा अंदाजच बघावा लागतो. काही जण किनाऱ्याला चिकटून, 10 मीटर पाण्यात राहून पलीकडे जातात, कारण जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्याला तिथे लाट उभी करायला जागा मिळत नाही. आमचा कप्तान म्हणाला, दोन-तीन शांत दिवस सलग मिळाले तरच निघायचं, सरळ पलीकडे.

असे तीन दिवस आम्हाला दिसत होते. गुरुवार ते शनिवार. आम्ही मंगळवारी सकाळी बंदर कार्यालयात हजर होतो.

देश सोडून जाणाऱ्या बोटीला तिथे सार्पे लागतो, म्हणजे बंदर सोडण्याचा परवाना. पुढच्या देशात पहिल्यांदा तोच मागतात. त्यासाठी बोटीची नोंदणी, विमा, तात्पुरत्या आयातीचा परवाना, खलाशांची यादी आणि सगळ्यांचे पासपोर्ट द्यायचे. शुल्क बँकेत भरून पावती आणायची. मग इमिग्रेशन, मग शेवटचा शिक्का. आयातीचा परवाना बोटीला दहा वर्षांसाठी मिळतो. त्याचा मूळ कागद बोटीवरच ठेवा, छायाप्रत चालवून घेतीलच असं नाही.

खलाशांची यादी मी हाताने लिहिली. कप्तानाचं नाव, त्याच्या बायकोचं नाव आणि तिसऱ्या ओळीत माझं, आपण शाळेपासून लिहितो तसं: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. खिडकीतल्या गृहस्थांनी ती यादी संगणकात भरली, छापली, आम्ही सह्या केल्या. माझ्या ओळीवरून मी नजर फिरवली. तिन्ही शब्द बरोबर होते, स्पेलिंग बरोबर होतं. मी सही केली.

बुधवारी इमिग्रेशनच्या खिडकीशी एका बाईंनी हाक मारली, "सेन्योरा" आणि पुढे माझ्या बाबांचं नाव. मी जागेवरून उठलेच नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. तेव्हा कुठे लक्षात आलं.

स्पॅनिश पद्धतीत माणसाला दोन आडनावं असतात, पहिलं वडिलांकडचं, दुसरं आईकडचं, आणि व्यवहारात पहिल्याला मान. मी लिहिलेले तीन शब्द त्यांनी त्यांच्या पद्धतीने वाचले: एक नाव, दोन आडनावं. म्हणजे बाबांचं नाव माझं मुख्य आडनाव झालं आणि खरं आडनाव आईकडचं. विमानतळावर झालेली माझी प्रवेशाची नोंद मात्र पासपोर्टप्रमाणे बरोबर होती. इमिग्रेशनला देशात आलेली एक बाई सापडत होती आणि देश सोडून जाणारी दुसरीच.

त्यांनी मला बंदर कार्यालयात परत पाठवलं. तिथले गृहस्थ म्हणाले, आमची यादी बरोबर आहे, दोन आडनावांचे दोन रकाने आहेत आणि दोन्ही भरले आहेत. पासपोर्टवर आडनाव वेगळं छापलंय, हे मी बोट ठेवून दाखवलं. ते म्हणाले, मग नावाच्या जागी दोन शब्द कसे? त्यातला दुसरा आडनावच असणार. इमिग्रेशनने चूक आहे असं लेखी दिलं तर बदलू. इमिग्रेशनने सांगितलं, यादी आमची नाही, आम्ही लेखी का द्यावं? या दोन खिडक्यांमध्ये वीस मिनिटांचं अंतर होतं आणि ते मी बुधवारी तीन वेळा उन्हातून चालले.

गुरुवारी नवा अर्ज करायला सांगितलं. नव्या अर्जाला नवी पावती, कारण जुनीवर जुनं नाव. बँकेत रांग. पावती घेऊन आले तर खिडकी तीनला बंद झालेली. शुक्रवारी सही करणारे साहेब रजेवर. शनिवार-रविवार सुट्टी.

शनिवारी समुद्र तेलासारखा शांत होता. आमच्या शेजारी नांगर टाकलेल्या दोन्ही बोटी पहाटेच निघून गेल्या होत्या. कप्तान मला एका शब्दानेही बोलला नाही आणि तेच मला जास्त लागलं. त्याच्या बायकोने सुचवलं की मी बसने पलीकडे पुएर्तो चियापासला जावं आणि त्यांनी मला तिथे घ्यावं. पण माझं नाव यादीतून काढायचं तरी पुन्हा नवी यादी, नवा अर्ज आणि तीच सही. रविवारी रात्री वारा आला. नांगराची साखळी रात्रभर करकरत होती आणि डोलकाठीच्या दोऱ्या पहाटेपर्यंत आपटत होत्या.

सोमवारी साहेब आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि भारतीय दूतावासाचं पत्र मागितलं. दूतावास मेक्सिको सिटीत. बाहेर पायरीवर बसून मी रडले.

मंगळवारी मी बंदर कार्यालयात गेले ती पत्रासाठी मुदत मागायला. नेहमीच्या खिडकीशी गर्दी होती, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या एका वयस्क बाईंनी माझा पासपोर्ट हातात घेतला. वरचं काहीच न वाचता त्यांनी फोटोच्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं, जिथे यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. पहिल्या ओळीत सुरुवातीला पासपोर्टची खूण, मग देशाची तीन अक्षरं, लगेच आडनाव, त्यानंतर बाणाच्या टोकासारख्या दोन खुणा, मग नाव. नावातल्या दोन शब्दांमध्ये तशी एकच खूण. त्यांनी नखाने त्या दोन खुणांवर टकटक केलं, तिकडच्या गृहस्थांना बोलावलं आणि एवढंच म्हणाल्या: या दोन खुणांच्या अलीकडे आडनाव, पलीकडे सगळं नाव. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे, सगळ्या देशांच्या पासपोर्टला सारखाच लागू. त्यावर वाद घालायला कुणाकडे काही उरलं नाही. दुसऱ्या आडनावाचा रकाना रिकामा ठेवून नवी यादी छापली. वीस मिनिटं लागली.

हे मला आठवडाभर आधी माहीत असायला हवं होतं, इतका साधा उपाय होता. म्हणून कळकळीने सांगते: परदेशातला कुठलाही फॉर्म भरण्याआधी पासपोर्टच्या त्या तळाच्या ओळी बघा आणि नाव त्याच क्रमाने, त्याच तुकड्यांत लिहा. आपली सवय विसरा. यादी हाताने लिहून देऊ नका. नाव आणि आडनाव यांचे वेगळे रकाने आखून छापूनच न्या. समोरच्याने संगणकात भरलेलं वाचताना स्पेलिंग नव्हे, रकाने तपासा. नोम्ब्रे म्हणजे नाव, आपेयिदो म्हणजे आडनाव, एवढे दोन शब्द पाठ असले तरी पुरे.

अजून एक. त्या दिवशी शेवटचा शिक्का लगेच मिळत होता, पण आम्ही घेतला नाही. सार्पे हातात पडला की ठरलेल्या मुदतीत निघावंच लागतं आणि बाहेर अजून 40 नॉट वारा होता. कप्तानाने हात जोडून सांगितलं, गुरुवारी येतो. बाकी सगळं पूर्ण करून फक्त तो शिक्का हवामानासाठी राखून ठेवा. नऊ दिवस गेले म्हणून चिडून बाहेर पडणं तिथे जिवावर बेतू शकतं आणि मोह होतो, मला झाला होता.

छपाई लेझरची करा. आमची पहिली यादी कार्यालयात इंकजेटवर छापली होती, समुद्राच्या ओलाव्याने तिची शाई पसरून आकडे वाचता येईनात. बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक असलेला रबरी शिक्का करून घ्या, लॅटिन अमेरिकेत सहीशेजारी शिक्का दिसला की काम पुढे सरकतं. एल साल्वादोरमध्ये 2001 पासून अमेरिकी डॉलरच चालतो, सुटे जवळ ठेवा.

आखात गुरुवारी दुपारपासून शनिवारी सकाळपर्यंत ओलांडलं. बहुतेक वेळ इंजिनावरच, कारण शिडात भरेल एवढाही वारा नव्हता.

एल साल्वादोरमध्ये बाहिया देल सोलच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे आणि त्यावर लाटा फुटतात. भरतीच्या वेळी जेट स्कीवरून वाटाड्या येतो, तो हात करेल तेव्हाच इंजिन पूर्ण जोरात टाकायचं. एक लाट मागून बोट उचलून पुढे घेऊन गेली आणि आम्ही आत होतो. देशात प्रवेशाची तपासणी बाकी असल्याची खूण म्हणून पिवळा झेंडा लावून थांबलो. इमिग्रेशनच्या माणसाला मी छापील यादी दिली. त्याचं बोट पहिल्या ओळीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर आलं. मग त्याने माझा पासपोर्ट उघडला, तळाची ओळ बघितली आणि मला माझ्या आडनावाने हाक मारली.