१३ नंबरचे लेडीज बूट

आमच्या मॅनहॅटनच्या ऑफिसात दर डिसेंबरला गिफ्ट ड्राइव्ह असते. लहान मुलांची खेळणी गोळा होतात, व्हॅन येते, फोटो निघतात, झालं. मागच्या वर्षी आमच्या प्राइड ग्रुपने, म्हणजे ऑफिसातल्या एलजीबीटी लोकांच्या गटाने, ठरवलं की यंदा अली फॉर्नीच्या आठवणीत करायची आणि सगळं सामान बेघर एलजीबीटी (समलैंगिक, ट्रान्सजेंडर वगैरे) मुलांच्या शेल्टरला द्यायचं. मी ॲडमिनमध्ये, त्यामुळे खोके, टेप, कॉन्फरन्स रूमचं बुकिंग असली कामं आपसूक माझ्या गळ्यात.

अली कोण हे निम्म्या ऑफिसला माहीत नव्हतं म्हणून पोस्टरवर लिहिलं. जन्म १९७५, तेराव्या वर्षापासून न्यूयॉर्कच्या रस्त्यावर, पोटासाठी देहविक्रय सुद्धा, आणि तरी टाइम्स स्क्वेअरजवळच्या ड्रॉप-इन सेंटरसाठी (रस्त्यावरच्या मुलांनी येऊन मदत घ्यायची जागा) काम, बाकीच्या मुलांना काँडोम वाटणं, एचआयव्हीबद्दल सांगणं. रस्त्यावरच्या मित्रमैत्रिणींचे खून व्हायचे तेव्हा नीट तपास करा म्हणून अलीने पोलिसांच्या मागे लकडा लावला होता. डिसेंबर १९९७ मध्ये हार्लेममध्ये अलीलाच कोणीतरी गोळी घातली. वय २२. त्या खुनाचा छडा आजवर लागलेला नाही. त्या ड्रॉप-इनमध्ये काम केलेल्या कार्ल सिसिलियानो यांनी २००२ मध्ये एका चर्चच्या तळघरात ६ खाटा टाकून अली फॉर्नी सेंटर हे बेघर एलजीबीटी मुलांचं शेल्टर सुरू केलं.

पोस्टर लावलं आणि तासाभरात वरून मेल, की सणासुदीच्या पोस्टरवर खून आणि ते दुसरं कशाला, नुसतं नाव आणि हॅपी हॉलिडेज ठेवा ना. आता ही दोन्ही काढली तर उरतं काय, एक गोड नाव आणि स्नोफ्लेक! मी सरळ उत्तर पाठवलं की डिसेंबरात का करतोय हे खुनाच्या त्या ओळीशिवाय कळतच नाही. त्यावर कोणी काही बोललं नाही, पोस्टर राहिलं.

खरी मजा झाली पॅकिंगच्या दिवशी. मुलं १६ ते २४ वयाची, प्रत्येकाच्या चिठ्ठीवर काय हवं ते लिहिलेलं, तरी लोकांनी सवयीने टेडी बेअर आणलेले! चिठ्ठ्यांवर काय होतं तर थर्मल, जाड मोजे, फोनचा चार्जर, कुलूप लागणारी बॅग (शेल्टरमध्ये राहणाऱ्याला कुलपाची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते), ट्रेनचं कार्ड, एकाला डार्क स्किनला मॅच होणारं फाउंडेशन. आणि एक चिठ्ठी, लेडीज स्नो बूट, साइज १३. फायनान्सच्या एका साहेबांनी ती उचलली होती, त्यांना वाटलं टायपिंग मिस्टेक, ते ८ नंबरचे घेऊन आले, वर माझ्याशीच वाद की बाईचा पाय एवढा नसतोच. मी म्हटलं साहेब, पोस्टर परत एकदा वाचा, कोणासाठी आहे ते, ट्रान्स मुलीचा पाय एवढा असू शकतो. मग लंचमध्ये मी आणि आमची इंटर्न ३४व्या स्ट्रीटवर दुकानं पालथी घातली, लेडीज सेक्शन ११ ला संपतं, सेल्समन म्हणतो जेन्ट्सचे साडेअकरा घ्या, माप तेच बसेल. माप बसेल हो, पण मागितलेत लेडीज ना. शेवटी ऑनलाइन मिळाले, एक्स्प्रेस डिलिव्हरी लावली.

संध्याकाळी आईचा सांगलीहून व्हिडिओ कॉल, तिच्याकडे पहाट. स्क्रीनवर बूट दाखवले तर म्हणाली, अगं बाई, केवढा पाय! कोणाचे गं? सांगितलं, घरच्यांनी घराबाहेर काढलेली पोरं असतात त्यांच्यासाठी. आई जरा वेळ गप्प. मग म्हणाली, ह्या थंडीत? आणि आत मोजे घातलेस का?

नव्हते घातले. दुसऱ्या दिवशी दोन जोड घातले.

व्हॅन शुक्रवारी आली, सगळं गेलं. टेडी बेअर उरले ते लॉबीतल्या दुसऱ्या टॉय ड्राइव्हच्या पेटीत टाकले, ८ नंबरचे बूट साहेबांनी परत केले, आणि एक्स्प्रेस डिलिव्हरीचं माझं बिल अजून त्यांच्याच टेबलावर अडकलंय, कारण काय तर म्हणे पावतीवर "गिफ्ट" लिहिलेलं नाही.